काढा प्या, पण तो कशाच्या बदल्यात पिताय ते बघा

गणपती गेले की पुढचे दहा-पंधरा दिवस अख्खं पुणं खोकत असतं. ढोल-ताशाच्या गर्दीत तासन् तास उभं राहणं, पावसात भिजणं, वर गुलाल आणि धूळ, घसा धरणारच. मग संध्याकाळी कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहून बघा, लोक येतात आणि म्हणतात ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या, पाचशेवाली. नावही घ्यावं लागत नाही, दुकानातला मुलगा न विचारता ड्रॉवरमधून काढून देतो, चिठ्ठी कोणी मागत नाही आणि कोणी दाखवत नाही. ही गोळी म्हणजे अझिथ्रोमायसिन. २०१९ च्या विक्रीच्या आकड्यांवर झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या खाजगी बाजारात सगळ्यात जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी हीच निघाली होती. आणि ज्या घशासाठी ती घेतली जाते तो बहुतेक वेळा व्हायरसने धरलेला असतो, ज्याच्यावर या गोळीचा काडीचाही परिणाम होत नाही.

माझं म्हणणं असं आहे की आजीच्या बटव्यातल्या औषधांची अँटिबायोटिक रेझिस्टन्सच्या, म्हणजे जंतू औषधांना दाद देईनासे होण्याच्या, लढाईतली खरी जागा इथे आहे, या काउंटरवर. जिथे अँटिबायोटिक मुळात लागतच नव्हतं तिथे काढा, मध, गुळण्या, वाफारा आले आणि ती स्ट्रिप ड्रॉवरमध्येच राहिली तर तो फार मोठा फायदा आहे. पण हल्ली मोबाइलवर जे फिरतंय ते वेगळंच आहे, की आता अँटिबायोटिकं चालेनाशी झालीयेत ना, मग हळद, लसूण, कडुनिंब, गुळवेल घ्या, त्याने जंतू मरतात, सायन्सने सिद्ध झालंय. या दुसऱ्या सल्ल्याने माणूस दगावू शकतो. आणि दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगितल्या जातात, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी मायक्रोबायोलॉजीची, बरीच वर्षं पुण्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये कल्चर-सेन्सिटिव्हिटीचं काम केलं. ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लघवीचं किंवा जखमेतल्या पूचं सॅम्पल येतं, त्यातला जंतू वाढवायचा, मग गोल प्लेटमध्ये फिकट पिवळसर अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, असतं त्याच्यावर तो स्वॅबने सगळीकडे सारखा फिरवायचा आणि वर चिमट्याने अँटिबायोटिकच्या कागदी टिकल्या ठेवायच्या, ६ मिलिमीटरच्या, प्रत्येकीवर औषधाचं नाव आणि डोस बारीक अक्षरात छापलेला. प्लेट उलटी करून रात्रभर इनक्युबेटरमध्ये. सकाळी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसला की तिथे जंतू वाढला नाही, तो गोल पट्टीने मोजायचा आणि औषध चालतं का ते लिहायचं. जंतू टिकलीला अगदी चिकटून वाढलेला असेल तर रिपोर्टवर आर, म्हणजे रेझिस्टंट. सुरुवातीला एखाद-दुसरा आर असायचा. पुढे पुढे क्लेब्सिएला या जंतूच्या अशा प्लेटा यायला लागल्या की दाट, चिकट, ओलसर वाढ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि दहा-बारा टिकल्यांपैकी एकीभोवतीही गोल नाही. मग कोलिस्टिन वेगळ्या पद्धतीने लावून बघायचं, कारण ते टिकलीवर नीट कळत नाही. कोलिस्टिन म्हणजे १९५० च्या दशकातलं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून मागे टाकलेलं, ते आता शेवटचा आधार म्हणून परत काढावं लागतंय. अशा रिपोर्टचा पेशंट आयसीयूमध्ये असतो आणि नातेवाईक फोन करून विचारतात, मॅडम काहीतरी चालतंय ना?

लॅन्सेटमध्ये २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या अभ्यासाप्रमाणे एकट्या २०१९ सालात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट रेझिस्टंट जंतूंमुळे गेली. हे त्या वर्षीच्या एकट्या एड्सच्या किंवा एकट्या मलेरियाच्या मृत्यूंपेक्षा जास्त आहे. यात आपला वाटा मोठा आहे, लोकसंख्येमुळेही आणि सवयींमुळेही. २०१७ साली मुठा नदीच्या गाळावर झालेल्या अभ्यासात शहराच्या वरच्या बाजूला जे रेझिस्टन्सचे जीन तुरळक होते ते शहरातून वाहणाऱ्या पात्रात कितीतरी पटींनी वाढलेले सापडले, त्यात एनडीएमसारखे शेवटच्या फळीतल्या औषधांना निकामी करणारे जीनही होते. म्हणजे आपण जे गिळतो ते आणि त्यातून तयार झालेले जंतू संडासातून नाल्यात, नाल्यातून मुठेत, आणि तिथून कुठे कुठे.

आता लसूण-हळदीकडे येऊ. पुण्यात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी केलेल्या बहुतेक मुलांनी कधी ना कधी हा प्रोजेक्ट केलेला असतो, लसणाचा रस, लवंगेचं तेल, कडुनिंबाचा अर्क, हळद, प्लेटवर घालायचं आणि झोन, म्हणजे तो स्वच्छ गोल, मोजायचा. आणि झोन येतो! लसणाचा तर छान मोठा येतो. मग कोणीतरी त्याचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं की बघा, अँटिबायोटिकपेक्षा भारी. पण प्लेटवर तो रस आपण थेट जंतूवर ओततो. माणसाच्या शरीरात तो आधी पोटातल्या ॲसिडमध्ये जातो, मग आतड्यात, मग लिव्हरमध्ये, तिथे त्याची मोडतोड होते आणि उरलंसुरलं असेल ते अख्ख्या शरीरात पसरतं. लसूण ठेचल्यावर जे ॲलिसिन तयार होतं तेच जंतू मारतं, पण ते इतकं अस्थिर की रक्तापर्यंत ॲलिसिन म्हणून पोचतच नाही. कामाचं अँटिबायोटिक साधारण एका मिलिलिटरला एक-दोन मायक्रोग्रॅमला, कधी त्याहून कमीला, जंतू थांबवतं, आणि वनस्पतींच्या अर्कांना बहुतेक वेळा शेकडो मायक्रोग्रॅम लागतात, तेवढं रक्तात आणायचं तर किती किलो खायला लागेल याचा हिशोब त्या फोटोखाली कोणी लिहीत नाही. फिनेल टाकलं तरी झोन येतो.

हळदीचं तर मला स्वतःला वाईट वाटतं कारण माझा हळदीवर जीव आहे. पण कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, तोंडाने घेतलं तर रक्तात जवळपास पोचत नाही, ते लवकर मोडतं, शिवाय लॅबमधल्या कितीतरी चाचण्यांमध्ये ते फसवे निकाल देतं. २०१७ साली औषध-रसायनशास्त्राच्या लोकांनी त्याच्यावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला आणि त्यांचं म्हणणं पडलं की तोपर्यंत डबल-ब्लाइंड पद्धतीने, म्हणजे कोणाला औषध दिलं हे पेशंट-डॉक्टर दोघांनाही न कळू देता, केलेल्या एकाही ट्रायलमध्ये कर्क्युमिन यशस्वी ठरलेलं नाही. स्वयंपाकात हळद घालाच, घसा दुखत असेल तर हळद-दूध प्या, बरं वाटतं. पण सेप्सिस झालेल्या, म्हणजे इन्फेक्शन जिवावर बेतलेल्या, माणसाला हळद वाचवणार नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ज्या जंतूंची आपल्याला आज खरी भीती आहे, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, ई. कोलाय, ते सगळे ग्रॅम-निगेटिव्ह आहेत, त्यांना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, आणि त्यातूनही जे आत शिरेल ते बाहेर फेकायला पंप असतात. वनस्पतींची बहुतेक जंतुनाशक द्रव्यं नेमकी इथेच अडतात. म्हणजे ज्या जंतूवर आपली औषधं हरली त्याच जंतूवर वनस्पतींचे अर्कही सगळ्यात दुबळे पडतात.

मग वनस्पतींमध्ये काहीच नाही का? भरपूर आहे, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दारुहळद घ्या, जिच्यापासून रसांजन करतात, मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळते. तिच्यात बर्बेरिन असतं, ते जंतुनाशक आहे पण एकटं फार कमजोर, कारण स्टॅफिलोकॉकससारखा जंतू त्याला पंपाने बाहेर फेकून देतो. २००० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बर्बेरिस जातीच्या या झुडपांमध्ये बर्बेरिनच्या सोबतीला आणखी एक द्रव्य असतं, ज्याची स्वतःची जंतू मारायची ताकद नाही पण ते तो पंप बंद पाडतं, आणि मग बर्बेरिन काम करतं. म्हणजे झाडाने एकाच मुळीत औषध आणि त्या औषधाचा मदतनीस दोन्ही ठेवलेत. आपण मात्र वर्षानुवर्षं एकेक द्रव्य वेगळं काढायचं, ते एकटं चाललं नाही की फेकून द्यायचं, असंच करत आलो.

आपल्याकडे ही जोडीने वापरायची कल्पना जुनीच. सुंठ, मिरी, पिंपळी, म्हणजेच त्रिकटू, कितीतरी योगांमध्ये असतंच. जम्मूच्या सरकारी लॅबमधल्या लोकांनी हेच धरून काम केलं, मिरीतलं पायपरीन दुसऱ्या औषधांना शरीरात जास्त पोचू देतं हे दाखवलं, आणि त्याच्यातून पुढे टीबीची एक गोळी तयार झाली, ज्यात रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५० मिलिग्रॅमऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरीन. २००९ साली ती भारतात बाजारात आली. मला हे उदाहरण फार आवडतं कारण यात कोणी टीबीच्या पेशंटला मिरी खा आणि गोळ्या सोडा असं सांगितलं नाही. डोस ठरवला, माणसांवर तपासला, परवानगी घेतली, मग गोळी आली.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीत २०१५ साली असंच झालं. हजार वर्षं जुन्या एका वैद्यकीय हस्तलिखितात डोळ्याच्या रांजणवाडीसाठी एक औषध होतं, लसूण, कांद्याच्या कुळातलं दुसरं एक रोप, वाइन आणि गुरांचं पित्त, सगळं मिसळून पितळी भांड्यात ९ रात्री ठेवायचं. जुनी भाषा वाचणारी बाई आणि मायक्रोबायोलॉजिस्ट एकत्र बसल्या, जसं लिहिलंय तसं केलं, आणि त्या मिश्रणाने एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस, मेला, तोही बायोफिल्ममधला, म्हणजे जंतूंच्या चिकट थरातला, जिथे औषधं सहसा पोचत नाहीत. एकेक घटक वेगळा लावला तर तो परिणाम नाही. पण त्या लोकांनी लगेच बाटल्या भरून विकल्या नाहीत, ते अजून तपासतायत, आणि ते जखमेवर वरून लावायच्या दिशेने तपासतायत, पोटात घ्यायच्या नाही.

आणि तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाई. १९६७ साली चीनमध्ये मलेरियावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प सुरू झाला, जुन्या ग्रंथांमधले शेकडो योग चाळले गेले, दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचा अर्क कधी चालायचा कधी नाही. तेव्हा चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात तिला ओळ सापडली की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा, उकळावी असं कुठेच नव्हतं. तिने उष्णता टाळून कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन मिळालं, २०१५ चं नोबेल. ही गोष्ट आपल्याकडे खूप सांगतात, की बघा पारंपरिक औषधाला नोबेल. पुढचं मात्र सांगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना त्या वनस्पतीचा चहा किंवा पानांची पावडर मलेरियासाठी घेऊ नका असं स्पष्ट सांगते, कारण त्यात औषध किती आहे याचा भरवसा नाही, कमी डोस गेला की परजीवी मरत नाही, उलट सरावतो, आणि आर्टेमिसिनिनचाही रेझिस्टन्स तयार होतो. तो काही भागात झालाही आहे. वनस्पतीतलं आहे म्हणून रेझिस्टन्स येत नाही हा समज इथे मोडतो.

मुळात नैसर्गिक विरुद्ध केमिकल ही विभागणीच मला पटत नाही. पेनिसिलिन बुरशीतून आलं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूतून. आपल्या पिंपरीला एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीत, १९५५ पासून पेनिसिलिन बनायला लागलं ते मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवूनच. रेझिस्टन्सही निसर्गातलाच, ३० हजार वर्षं बर्फात गोठलेल्या मातीत अँटिबायोटिकांना हरवणारे जीन सापडलेत. आपण फक्त जंतूंवर प्रचंड दाब टाकला आणि जे जीन कोपऱ्यात होते ते सगळीकडे पसरले. फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल घेतानाच्या भाषणात हीच भीती सांगितली होती, की लोक स्वतःच्या मनाने कमी डोस घेतील आणि जंतूंना शिकवतील.

धोके पण स्पष्ट बोलू. कोविडच्या काळात घराघरात गुळवेलीचा काढा उकळत होता, त्यानंतर मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटचा रिपोर्ट छापला, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, म्हणाले वनस्पती नीट ओळखली नसेल, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीही आहेत. मला विचाराल तर त्या हरकतीनेच प्रश्न मोठा होतो, की गच्चीवरच्या कुंडीतला किंवा टेकडीवरून तोडून आणलेला वेल नक्की कोणता हे घरात कोण ओळखणार? ज्येष्ठमध गोड आहे, घशाला मऊ वाटतं, पण बीपीवाल्यांनी रोज घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली तेव्हा जवळपास २१ टक्क्यांमध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. मधाचं म्हणाल तर २०२० मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने १३ ब्रँड भेसळीसाठी जर्मनीत तपासून घेतले, ३ पास झाले.

आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे गेलेला वेळ. ओळखीतल्या एका काकांना शुगर, पायाच्या अंगठ्याला बूट लागून जखम झाली, घरच्यांनी हळद-तुपाचा लेप आणि कसल्यातरी पानांचं पोटीस बांधलं, वास यायला लागेपर्यंत. काका म्हणत होते दुखत तर काहीच नाहीये. दुखणार कसं, शुगरने नस मेलेली होती. शेवटी पायाचा पुढचा भाग काढायला लागला. त्या घरात कोणी अडाणी नव्हतं, मुलगी इंजिनिअर, सून शाळेत शिक्षिका. त्यांनी वाचलं होतं की सुश्रुताने जखमेवर मध आणि तूप सांगितलंय, आणि ते खरंच सांगितलंय, आज हॉस्पिटलमध्येही मधाची ड्रेसिंग वापरतात. पण तो मध गॅमा रेडिएशन दिलेला निर्जंतुक असतो, मेलेलं मांस आधी कापून काढलेलं असतं, शुगर रोज बघितली जाते आणि हाडापर्यंत गेलंय का याचा एक्स-रे झालेला असतो. सुश्रुतही जखम आधी साफ करायलाच सांगतो, नुसतं झाकायला नाही.

म्हणून मी परत काउंटरकडे येते, कारण तिथे ही औषधं वापरण्यात धोका सगळ्यात कमी आणि उपयोग सगळ्यात जास्त आहे. खोकल्यावर मध चालतो हे आजी सांगायची म्हणून नाही, ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात साध्या खोकल्याला आधी मध द्या, अँटिबायोटिक बहुतेकांना लागत नाही असं लिहिलंय. फक्त १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेची भीती असते, आणि आपल्याकडे बाळाला मधाचं बोट चाटवायची पद्धत आहे ती खरोखर थांबायला हवी. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गवती चहा-आलं-तुळशीचा काढा, ऊब, झोप. यातलं काहीही व्हायरस मारत नाही, पण माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, घसा शेकतो, आणि तेवढ्यात शरीर स्वतःचं काम करतं. लोकांना वाटतं खोकला पाच दिवसात जायला हवा, तो २-३ आठवडे राहू शकतो, सहाव्या दिवशी घाबरून स्ट्रिप घेतली जाते आणि मग जो खोकला तसाही जाणार होता तो गोळीने गेला असं डोक्यात बसतं, पुढच्या वर्षी परत तीच स्ट्रिप.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. महाराष्ट्रात बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या, डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची परवानगी आहे, आणि पुण्याच्या गल्लीबोळात, कात्रज, धायरी, हडपसर, चिंचवड, लोकांचा पहिला डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएसच असतो. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, रात्री नऊला दार उघडं ठेवणारे तेच असतात. पण ज्यांनी साडेचार वर्षं सितोपलादि, अडुळसा, लंघन, पथ्य शिकलं त्यांच्या चिठ्ठीवर सर्दीला पहिली ओळ अझिथ्रोमायसिन का असावी? मी विचारलं तर एक डॉक्टर म्हणाले, ताई, चूर्ण लिहिलं तर पेशंट म्हणतो हे तर घरी पण होतं, फी कशाची घेता? हे उत्तर मला अजून छळतं, कारण यात दोष एकट्या डॉक्टरचा नाही. आपण पेशंट म्हणून स्ट्रॉंग औषध मागतो. ज्या डॉक्टरने नीट तपासून सांगितलं की हे व्हायरल आहे, चूर्ण घ्या, तीन दिवसांनी दाखवा, त्याला आपण पूर्ण फी आनंदाने द्यायला शिकलो तर हे बदलेल. आणि त्या चिठ्ठीवर खाली दोन ओळी छापलेल्या असाव्यात, तीन दिवसांत ताप उतरला नाही, धाप लागली, छातीत दुखलं, कानातून पू आला, मूल दूध पिईना किंवा लघवी कमी झाली तर काढा बंद करून त्याच दिवशी या. या ओळींशिवाय काढा देणं मला बरोबर वाटत नाही.

कायदा आहे. अझिथ्रोमायसिन शेड्यूल एच मध्ये येतं, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. २०१४ पासून वरच्या फळीतल्या कितीतरी अँटिबायोटिकांसाठी एच-१ आहे, दुकानदाराने रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टर दोघांचं नाव लिहून ठेवायचं. पाकिटावर लाल रेघ आहे. केरळमध्ये दुकानांवर धाडी घालून हे अमलात आणायला सुरुवात केली, मग महाराष्ट्रात का होत नाही? आणि पाण्याचं बघा, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसची, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, साथ आली, २०० च्या वर संशयित पेशंट, आणि त्यात कॅम्पायलोबॅक्टर हा पाण्यातून-अन्नातून येणारा जंतू सापडला. नळाला स्वच्छ पाणी आलं असतं तर ना काढा लागला असता ना अँटिबायोटिक.

राहिला प्रश्न खऱ्या संशोधनाचा, आणि तिथे पैशाचा पेच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरते यावर पेटंट दिलं गेलं, तेव्हा सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेचे प्रमुख असलेले आपले डॉ. रघुनाथ माशेलकर, पाषाणच्या एनसीएलमधून, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, तिथे गेलेले, त्यांनी जुने संदर्भ गोळा करून लढत दिली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, मलाही. पण त्याचा पुढचा अर्थ असा की हळद सगळ्यांची आहे, म्हणजे हळदीच्या ट्रायलवर कोट्यवधी रुपये घालून एखाद्या कंपनीला हक्क मिळणार नाही, म्हणून कंपनी ते घालणारच नाही. तिला बिनट्रायलचा डबा विकणं परवडतं. नव्या अँटिबायोटिकांचंही तसंच, ती जपून वापरायची म्हणून खप कमी, २०१८ मध्ये नवीन औषधाला मंजुरी मिळालेली अमेरिकेतली अकाओजेन ही कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जिथे बाजार पैसे घालत नाही तिथे सरकारनेच घालायला हवेत, पेनिसिलिनसाठी पिंपरीत घातले होते तसे. एचए गेली कित्येक वर्षं आर्थिक अडचणीत आहे याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशा कामासाठीच ती उभी केली होती.

आणि पुण्यात काय नाही? एनसीएल आहे, पेशींवर आणि जंतूंवर काम करणारं एनसीसीएस आहे, विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर आहे, मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था शिवाजीनगरला आहे, जुनी नावाजलेली आयुर्वेद कॉलेजं आहेत, ससून हॉस्पिटल आहे. ही मंडळी एका टेबलावर बसून एक ट्रायल करू शकतात. माझ्या मते सुरुवात बायकांच्या साध्या युरिन इन्फेक्शनपासून करावी. जर्मनीत २०१५ मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये अशा बायकांना आधी फक्त आयबुप्रोफेन दिलं तर साधारण दोन तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या, पण त्रास जास्त दिवस राहिला आणि थोड्या जणींचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं. मग आपण गोखरू-पुनर्नव्याचा ठरलेला, तपासलेला, एकाच बॅचचा अर्क एका गटाला, दिसायला तसंच पण औषध नसलेलं दुसऱ्या गटाला, दोन्ही गटांना लघवीचं कल्चर, ताप किंवा कंबरदुखी आली की लगेच अँटिबायोटिक, गरोदर बायका आणि शुगरवाल्या यात घ्यायच्या नाहीत, असं का करून बघू नये? कोणाला किती कमी अँटिबायोटिक लागलं एवढंच मोजायचं. आकडे जसे येतील तसे छापायचे, आणि अर्काने काही फरक पडला नाही असं निघालं तर डब्यावरचा मूत्रविकारांवर गुणकारी हा दावा पुढच्या छपाईच्या आधी काढायचा, हे कंपन्यांकडून आणि आयुष मंत्रालयाकडून ट्रायल सुरू व्हायच्या आधीच लेखी घ्यायचं.